जिनाच्या अंगणातलं लग्न

लग्नाला बोलावून कामाला जुंपणारे यजमान मी पुष्कळ पाहिले आहेत. कुणी अक्षता वाटायला लावतं, कुणी पंगतीवर लक्ष ठेवायला. पण छत डोक्यावर पडेल की नाही ते बघून द्या, असं सांगणारी पल्लवी पहिलीच.

पल्लवी माझी विद्यार्थिनी. मी पुण्यात एका तंत्रनिकेतनात बांधकाम शिकवते. ही पोरगी बुलढाणा जिल्ह्यातली, अमडापूरच्या पुढे आत असलेल्या एका गावची. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यावरून तिथले लोक एकमेकांना आधीच पुरेसं चिडवतायत. तिचा फोन आला तो असा, “मॅडम, लग्न ठरलंय. जिनात करायचंय. तुम्ही जरा आधी या आणि कैच्या तपासून द्या.”

जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. त्यांच्या गावातला जिन सहकारी सोसायटीचा. हमरस्त्यावर मोठे नवे जिन आले तसा हा मागे पडला आणि बंद झाला. यंत्रं विकली गेली, दारं चोरीला गेली, उरली ती इमारत. जाड विटांच्या भिंती, त्यांवर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या, त्यांवर टिनाचे पत्रे. ती पाडून तिथे स्लॅबचा हॉल बांधायचं गावात घाटत होतं. पल्लवीला ते मुळीच पटत नव्हतं. विटा भाजताना, सिमेंट तयार करताना, लोखंड वितळवताना जो धूर व्हायचा तो एकदा होऊन गेलेला असतो. धड इमारत पाडली की तो सगळा फुकट गेला, आणि नव्या इमारतीसाठी पुन्हा नवा धूर. हे मीच वर्गात शिकवते. बाकीची मुलं परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पल्लवीने ते गावी नेऊन सोसायटीच्या बैठकीत मांडलं, आणि गावाने तिचं नाव ‘धूरवाली’ ठेवलं.

शेवटी सोसायटीच्या अध्यक्षांनी, म्हणजे तिच्या वडिलांनीच, तोडगा काढला. तुझं लग्न जिनात लावू. नीट लागलं तर जिन ठेवू, त्यालाच गावाचा हॉल करू. नाही जमलं तर पाडू. बोहल्यावर चढताना एवढं ओझं डोक्यावर घेणारी दुसरी मुलगी माझ्या माहितीत नाही. मी बॅगेत भारी साडी ठेवली, साडीखाली हातोडी आणि विजेरी ठेवली, आणि निघाले.

शेगाव

शेगावच्या स्टेशनाबाहेर मला न्यायला रशीदभाई आले होते. उंच, पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल, आणि मागे पिकअप, जुन्या दारांच्या चौकटींनी भरलेली. गाडीत बसण्याआधी त्यांनी माझ्या हातात गरम कचोरी ठेवली. पुण्यात पाहुण्याला आधी प्रवास कसा झाला ते विचारतात, इथे आधी खायला घालतात. हीच पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते.

“तुम्ही लग्नघरचे का?” मी विचारलं.

“गावचाच हाय. पल्लवी माह्या डोळ्यासमोर वाढली,” ते म्हणाले. “अन् जिन पाडाचा ठेका बी माह्याकडंच हाय.”

कचोरी माझ्या घशात अडकली. रशीदभाईंनी शांतपणे पाण्याची बाटली पुढे केली.

त्यांचा धंदाच तो. जुनी घरं घ्यायची, हलक्या हाताने उतरवायची, आणि दारं, खिडक्या, खांब, विटा गरजवंताला विकायच्या. जिनातल्या सागवानावर त्यांचा कधीपासूनचा डोळा होता, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. “तुमच्या बॅगीत हातोडी हाय म्हने. माह्याकडं बी हाय. पाहू कोनाची चालते,” असं म्हणून ते इतके खळखळून हसले की मलाही हसू आवरेना. ज्या माणसापासून जिन वाचवायला मी आले होते त्याच्याच शेजारी बसून मी निघाले.

खामगाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी रानं लागली. माघ महिना, हवेत अजून गारवा. हरभरा गुडघ्याला टेकलेला, तूर कापून झालेली, आणि मध्ये मध्ये कापसाची झाडं, म्हणजे पऱ्हाटी, पानं वाळून उभी. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस लटकलेला. गावोगावच्या ट्रॉल्या जाताना बाभळी आपला वाटा काढून घेतात. अमडापूरला चहा प्यायलो. साखरेत थोडा चहा घालतात बहुतेक. मी तो निमूटपणे प्यायले आणि दुसराही मागितला.

“बीटी आली तवा काय कापूस व्हये, मॅडम!” रशीदभाई सांगत होते. त्यांचीही थोडी शेती आहे. “लोकाइनं घरं बांधली, मोटरसायकली घेतल्या. मंग गुलाबी अळी आली. आता कापूस बी कमी अन् भाव बी कमी. म्हून जो तो घरात भरून ठेवते. भाव वाढन, मंग इकू.”

“आणि माणसं कुठे राहतात?”

“कापसाच्या बाजूले.”

मला वाटलं, गंमत करतायत.

पल्लवीचं घर

गंमत नव्हती. पल्लवीच्या घराची बैठक आढ्यापर्यंत कापसाने भरली होती. मधल्या खोलीत कापूस, कोठीत कापूस. फक्त देवघर आणि स्वयंपाकघर माणसांकडे होतं. मला पल्लवीची खोली दिली. तिच्या अर्ध्या भागात छतापर्यंत पांढरी भिंत, उरलेल्या जागेत कशीबशी सरकवलेली खाट.

“भितीकडं तोंड करून झोपजा,” पल्लवीची आई, सुमनबाई, मला समजावत होत्या. “कापसाकडं केलं तं नाकात जाते.”

मी भिंतीकडे तोंड केलं, पण हाताला ते कोण सांगणार? सकाळी उठले ती दोन्ही हात कोपरापर्यंत खाजवतच. सुमनबाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन दारात उभ्याच होत्या, चहा घेऊन आल्यासारख्या. दर हिवाळ्यात घरोघरी हेच चालतं म्हणाल्या. कापसात बारीक किडे होतात, अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर वळवळतात.

“मग पल्लवी सुट्टीत आली की?”

“ओसरीत झोपते. खोली हाय तिची. पन हिवाळ्यात तिच्या वाट्याले कवा आलीच नाही.” त्यांनी माझ्या हाताला तेल लावलं आणि विषय बदलून न्याहारीवर आणला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा आणि तेलात चमकणारी वांग्याची भाजी. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आणलं आणि खाज विसरायला लावली. औषध म्हणून मी तो जरूर सुचवेन.

जिन

जिन पाहिला आणि मी प्रेमात पडले. आत शिरलं की डोक्यावर एवढी उंची की आपण आपोआप हळू बोलायला लागतो. वर एकामागून एक सागवानी कैच्या, काळसर, तेलकट, आणि खिडक्यांतून येणारं उन्हाचे तिरपे कवडसे. बाहेर मोठं मोकळं अंगण, पूर्वी कापसाच्या बैलगाड्या रांगेने उभ्या राहायच्या ते.

मी शिडीवर चढले. खाली गाव जमलं. पुण्यात मी तपासणीला गेले की रखवालदारही ढुंकून बघत नाही. इथे प्रत्येकाकडे सल्ला होता. “डाव्या बाजूले ठोका!” “पाय जपून, मॅडम!” हातोडीने लाकूड ठोकत मी एकेक कैची पाहत पुढे सरकत होते, आणि प्रत्येक ठोक्याला खालून “हाव, वाजते!” असा जाहीर निकाल लागत होता. मधेच एका पारव्याने माझ्या ओढणीचा निकाल लावला. त्यावर सर्वांत मोठ्याने पल्लवी हसली.

एका कैचीचं टोक वाळवीने खाल्लं होतं. तिथे खालून खांबाचा टेकू द्यायला सांगितला. बाकी सगळं ठणठणीत. मी खाली उतरून तसं म्हणाले तेव्हा देविदासभाऊंनी, म्हणजे पल्लवीच्या वडिलांनी, अंगठ्याने मिशी पुसली. ती त्यांची खूष व्हायची पद्धत. रशीदभाईंनी मात्र खांबावरून हात फिरवत सुस्कारा सोडला. “असं सागवान आता भेटत नाही,” ते म्हणाले, आणि टेकूला लागणारा खांब स्वतःच आणून दिला. मी बघतच राहिले. “पोरीचं लगन हाय,” ते म्हणाले. “लगन झाल्यावर मी पाडीन ना!”

जिन झाडून, धुवून निघाला. आंब्याच्या पानांची तोरणं लागली. पल्लवी मधोमध उभी राहून बोहलं कुठे, पंगत कुठे, बायका कुठे बसतील ते हातवारे करून दाखवत होती. वर्गात गप्प बसणारी मुलगी ती. मला फार बरं वाटलं.

कोपरे

एकच गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. वऱ्हाड लग्नाच्या आदल्या संध्याकाळी येणार आणि मुक्काम करणार. या भागात वऱ्हाडाच्या उतरण्याच्या जागेला जानोसा म्हणतात, आणि जानोसा नीट नसला तर त्याची आठवण मुलीला जन्मभर ऐकावी लागते. त्यात नवरदेवाचे वडील, भास्करराव, शेगावला लॉज चालवतात. म्हणजे खोली कशी असावी यावर त्यांचं मत असणारच. आणि गावात तर प्रत्येक खोलीत कापूस!

देविदासभाऊंनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, “गावकऱ्याइनो, वऱ्हाड येऊन राह्यलं. ज्याच्या घरी जमन त्यानं एक एक खोली रिकामी करून द्यावी.” एवढं सांगून ते मिठाईवाल्याकडे गेले. मी, पल्लवी आणि सुमनबाई बांगड्या भरायला अमडापूरला गेलो. बांगड्यांच्या दुकानात माझ्याही हातात हिरवा चुडा चढला आणि पैसे देऊ दिले नाहीत. मोठ्या आनंदात परतलो.

जिनाच्या दारातच पल्लवी थांबली.

आतून तो भरला होता, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. खिडक्यांच्या वर गेलेला, तोरणांना टेकलेला, पांढराशुभ्र कापूस. बोहल्याच्या जागी कापूस, पंगतीच्या जागी कापूस. गावाने शब्द पाळला होता. प्रत्येकाने पाहुण्यासाठी खोली रिकामी केली होती, आणि घरातून निघालेला कापूस पूर्वापार जिथे जातो तिथेच नेऊन टाकला होता.

“आमचा तं थोडासाच हाय, कोपऱ्यात टाकला,” ज्याला विचारावं तो हेच सांगत होता. चारच कोपरे असलेल्या इमारतीत अख्ख्या गावाला कोपरा कसा सापडला ते इतकी वर्षं बांधकाम शिकवूनही मला सांगता येणार नाही. देविदासभाऊ धावत आले, बघितलं, आणि कपाळावर हात मारून कुणावर ओरडावं ते शोधू लागले. पण ओरडायचं कुणावर? त्यांच्याच बैठकीतला आणि पल्लवीच्या खोलीतला कापूस त्यांच्याच भावाने सगळ्यांत आधी आणून टाकला होता.

तो परत न्यावा तर वऱ्हाडाची बस फाट्यावर आलेली.

भास्करराव उतरले, पाय धुतले, आणि थेट जिन बघायला आले. गुटगुटीत, हसतमुख माणूस. त्यांनी आत एकदा नजर टाकली. “होम व्हईन, फटाके वाजतीन, हॅलोजन लागतीन. अन् एवढा कापूस? नाही जमनार, देविदासभाऊ.” मग अगदी प्रेमाने म्हणाले, “आमच्या वळखीचं लॉन हाय शेगावले. आता फोन लावतो. उद्या समदे तिकडं चला. कायचं टेन्शन घेता?”

त्यांचं काही चुकत नव्हतं. कापसाशेजारी विस्तव नेणं म्हणजे वेडेपणा, हे मीही सांगितलं. सगळे पल्लवीकडे बघू लागले. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज स्थिर होता.

“लग्न गावातच होईल,” ती म्हणाली. “मांडव अंगणात घालू. होम पार रस्त्याच्या बाजूला. फटाके नकोत.”

“पन पोरी,” देविदासभाऊ हळूच म्हणाले, “बोली जिनातली व्हती. समद्या गावासमोर.”

“माहीत आहे, बाबा.”

ती पैज हरली होती आणि ते तिने सर्वांदेखत मान्य केलं. मला तिचा अभिमान वाटला आणि भयंकर वाईटही वाटलं.

अंगण

लग्न सुरेख झालं. ज्या अंगणात बैलगाड्या उभ्या राहायच्या तिथे मांडव पडला, मागे जिनाची विटांची भिंत, आणि तिच्यावर चढलेलं दुपारचं ऊन. सनई ध्वनिक्षेपकावर, पण बँड खरा. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या काकांचा सूर दर कडव्याला थोडा वर सरकत गेला. बुंदी, वरण, वांग्याची भाजी, पुऱ्या. आग्रह इतका की पानावरचा हात काढायची सोय नाही. पुण्यात आम्ही कार्यालय तासांच्या बोलीवर घेतो आणि पुढच्या लग्नाचे लोक दारात घड्याळ बघत उभे असतात. इथे जेवून लोक तिथेच भिंतीच्या सावलीत आडवे झाले. भास्करराव घोरत होते. जानोसा आवडल्याची याहून मोठी पावती नाही.

निघताना पल्लवी रडली नाही. आईच्या गळ्यात पडली, वडिलांच्या पाया पडली, गाडीत बसली. काच खाली करून तिने एकदा वळून पाहिलं, ते घराकडे नाही, जिनाकडे. मग गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्यावर पुन्हा देविदासभाऊ, पण आवाज पडलेला. “ज्याचा त्याचा कापूस आज उचला. रशीदभाईचं काम सुरू व्हते.” शब्द म्हणजे शब्द. रशीदभाई पिकअप घेऊन जिनासमोर येऊन बसले होते. आज ते हसत नव्हते.

देविदासभाऊंनी पहिली ट्रॉली स्वतःची भरली आणि घरी आणली. सुमनबाई उंबऱ्यात बसल्या होत्या.

“सरक, कापूस टाकाचा हाय.”

“नाही येनार कापूस घरात.”

“काऊन?”

“माही पोरगी आता माहेराले येईन,” सुमनबाई म्हणाल्या. “इतके दिवस घरची व्हती, ओसरीत झोपली. आता पाहुनी म्हून येईन. तिले मी ओसरीत निजवू? वऱ्हाडाले खोली भेटते, अन् माह्या पोरीले नाही?”

देविदासभाऊंनी ट्रॉली दारासमोरून बाजूला घेतली. मी तिथेच उभी होते.

शेजारणीनेही ऐकलं होतं. तिचीही मुलगी दिलेली आहे, जालन्याकडे. तिच्या शेजारणीची दुसरबीडला. उन्हं वर यायच्या आत गल्लीत घरोघरी बायका उंबऱ्यात बसल्या, आणि पुरुष भरलेल्या गाड्या घेऊन रस्त्यात उभे. वऱ्हाडासाठी म्हणून त्यांनी खोल्या सारवल्या होत्या, कित्येक वर्षांनी हिवाळ्यात स्वतःच्या घरातली जमीन पाहिली होती. ती आता सोडायला एकही तयार नव्हती.

“मंग कापूस ठेवू कुठी?” देविदासभाऊंनी शेवटी विचारलं.

“व्हता तिथी. जिन कायच्यासाठी असते?”

देविदासभाऊ जिनापाशी आले आणि घडलं ते रशीदभाईंना सांगितलं. “माहा बी कापूस हाय आत. तो न्याले घरचं कोनी कसं आलं नाही, पाहून येतो,” असं म्हणून रशीदभाई घरी गेले. परत आले ते खांद्यावरच्या रुमालाने घाम पुसतच. “माह्या घरी बी तेच,” ते म्हणाले. “पोरगी येनार हाय म्हने, नातवाले घेऊन. बेगम दारातून हालत नाही.” मग जिनाकडे बघून म्हणाले, “अन् आत माहाच कापूस असला, तं मी पाडू काय?”

मग ते पिकअपकडे वळले, तिची फळी पाडली आणि आतल्या जुन्या चौकटींतली सर्वांत रुंद चौकट खाली ओढायला लागले. “पकडा बे कोनी! दारं नाहीत जिनाले. शेळ्या शिरतीन कापसात.”

पुन्हा शेगाव

माझी गाडी संध्याकाळची होती. आधी भास्कररावांच्या लॉजवर गेले. पल्लवी वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या घोळक्यात बसली होती, अंगभर हळद, हात चुड्याने भरलेले. मला बघताच तिने पहिला प्रश्न विचारला, “सुरुवात झाली का पाडायला?”

“पाडत नाहीयेत. दारं बसवतायत.”

तिला आधी कळलंच नाही. मग तिने माझा हात घट्ट धरला. “धुराचं पटलं त्यांना?”

“धुराचं कुणी नावही काढलं नाही,” मी म्हटलं, आणि सकाळचं सगळं सांगितलं. भोंगा, ट्रॉली, रशीदभाई. ती हसत होती, मध्येच “काय बाई लोक!” म्हणत होती. मग मी तिच्या आईचं सांगितलं, उंबऱ्यात बसून काय म्हणाल्या ते, शब्दाला शब्द. तिचं हसू हळूहळू थांबलं.

“म्हणजे माझ्या खोलीतला कापूस कायमचा गेला?”

“गेला.”

“आता काय ठेवलंय तिथे?”

“काही नाही,” मी म्हटलं. “तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय.”

गावातून निघताना न रडलेली पल्लवी तेव्हा रडली. नवी सासू पाणी आणायला धावली, पाहुण्या बायका काय झालं, काय झालं विचारू लागल्या. पल्लवी डोळे पुसत एवढंच म्हणाली, “काही नाही. आईनं बोलावलंय.”